पत्रा मोठा, कोन लहान
(प्रस्तावना)

थांबलेली मोटरबोट पाण्यात तरंगते. वेग घेतलेली मोटरबोट पाण्यावरून घसरत जाते. या दोन अवस्थांच्या मध्ये एक अडचणीचा टप्पा असतो. वीस-पंचवीस फुटांच्या बोटीत तो साधारण ८ ते १५ नॉटच्या दरम्यान येतो. मागचा भाग खाली बसतो, नाळ म्हणजे पुढचे टोक वर उठते आणि मागे ओझे जास्त झालेल्या बैलगाडीसारखी बोट उलाळ होते. इंजिन सगळी ताकद लावत असते, इंधन भराभर जळत असते, वेग मात्र वाढत नाही. सुकाणू धरलेल्या माणसाला या वेळी समोरचे पाणी दिसत नाही. पोहणारा माणूस, जाळ्याचे बोये, तरंगता ओंडका, समोरून येणारी होडी, सगळे नाळेआड गेलेले असते. म्हणजे ज्या क्षणी बोट सर्वांत जास्त खर्च करते, त्याच क्षणी ती सर्वांत आंधळी असते.

या टप्प्यावरचा एक साधा आणि स्वस्त उपाय म्हणजे ट्रिम टॅब. बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. या फळीच्या तळाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन पत्रे बिजागरीवर बसवलेले असतात. सुकाणूजवळचे बटण दाबले की पत्र्याची मागची कड खाली झुकते. तळाखालून मागे धावणारे पाणी त्या पत्र्याला वर रेटते, मागचा भाग उचलला जातो आणि नाळ खाली येते. दोन्ही पत्रे सारखे झुकवले तर नाळ सरळ खाली येते. एकच झुकवला तर त्या बाजूचा मागचा भाग वर येतो आणि कललेली बोट सरळ होते. यंत्र म्हणून यापेक्षा जास्त काही नाही.

तरीही हा पत्रा किती मोठा असावा, हा प्रश्न बोटीचा सगळा स्वभाव उलगडायला लावतो. तळाचा आकार, वजनाची मांडणी, इंजिनाची ताकद, नेहमीचा वेग, समुद्राची जात आणि चालवणाऱ्याचा हात या सगळ्यांचा हिशेब त्यात येतो. हे पुस्तक त्या एका प्रश्नाभोवती लिहिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की तयार मिळणाऱ्या अनेक बोटींचे पत्रे त्यांच्या वजनाच्या आणि वापराच्या मानाने लहान असतात. लहान पत्रा खूप झुकवण्यापेक्षा मोठा पत्रा थोडासा झुकवणे केव्हाही किफायतीचे. पण मोठा पत्रा म्हणजे हातात आलेली जास्त ताकद, आणि ती कधी वापरू नये हे शिकल्याशिवाय तो बसवू नये.

हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या वाचकाला त्याची वाटचाल माहीत असावी. पाण्यावरून घसरत जाणाऱ्या बोटीची कल्पना पेट्रोल इंजिनाच्याही आधीची आहे. १८७२ साली इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातले एक धर्मोपदेशक चार्ल्स मीड रेमस यांनी पायरीदार तळाच्या जहाजाची योजना ब्रिटिश नौदलासमोर मांडली. ती तपासण्याचे काम विल्यम फ्राऊड यांच्याकडे आले. फ्राऊड यांनी टॉर्की येथे नुकतीच बांधलेली लांबलचक पाण्याची टाकी वापरून प्रतिकृती ओढून पाहिल्या. फार मोठ्या वेगाला अशा तळाचा फायदा होतो, पण तेवढा वेग देणारे इंजिन त्या काळी नव्हते. वाफेचे इंजिन आपल्या वजनाच्या मानाने फार दुबळे होते. कल्पना कागदावर राहिली, पण प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजायची फ्राऊड यांची पद्धत टिकली. आजही बोटीचा वेग तिच्या लांबीच्या प्रमाणात मोजताना जो आकडा वापरतात, त्याला फ्राऊड यांचेच नाव आहे.

हलके पेट्रोल इंजिन आल्यावर चित्र पालटले. १९१० साली जॉन थॉर्नीक्रॉफ्ट यांची पायरीदार तळाची ‘मिरांडा ४’ पाण्यावरून धावली आणि १९१६ पासून त्यांच्याच कंपनीने बांधलेल्या ४० फुटी कोस्टल मोटर बोटी पहिल्या महायुद्धात ३० नॉटच्या पुढे गेल्या. वेगाचा प्रश्न सुटला. लाटांचा सुटला नाही. सपाट तळ शांत पाण्यावर चटकन उचलला जातो, पण लाटेवर आपटतो, आणि ते आपटणे बोटीची हाडे आणि माणसाचा मणका दोन्ही मोडते.

यावरचा निर्णायक तोडगा अमेरिकेत निघाला. रे हंट या आरेखकाने तळाला खोल ‘व्ही’ आकार दिला आणि तो उतार पार ट्रान्समपर्यंत जवळपास तसाच ठेवला. त्याच्या आरेखनावर बांधलेल्या ‘मॉपी’ या बोटीने १९६० सालची मायामी ते नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. तिचे मालक डिक बर्टराम यांनी पुढे त्याच आकाराची ‘बर्टराम ३१’ बाजारात आणली आणि ‘डीप-व्ही’ हे नाव जगभर पसरले. हा तळ लाट कापतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. जेवढा उतार जास्त, तेवढी तेवढ्याच क्षेत्रफळाची उचल कमी. म्हणून डीप-व्ही बोट उलाळ होण्याच्या टप्प्यात जास्त वेळ रेंगाळते. शिवाय वेगात ती कडेने सहज कलते. दोन जाड माणसे एका बाजूला बसली, एका टाकीतले इंधन आधी संपले, बाजूने वारा लागला की बोट तिरकी धावू लागते. म्हणजे ज्या तळाने उघड्या समुद्रावर वेगाने जायची सोय केली, त्याच तळाने ट्रिम टॅब आवश्यक करून टाकला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडात पत्र्यांचा धंदा वाढला, त्यामागे हे कारण मोठे होते.

कारागिरांनी जे हाताने ओळखले होते, त्याला गणित दिले ते न्यू जर्सीतल्या होबोकेन येथील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डेव्हिडसन प्रयोगशाळेने. डॅनियल साविट्स्की यांचा घसरत्या तळांवरचा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. वजन, रुंदी, तळाचा उतार आणि गुरुत्वमध्य माहीत असेल तर बोट कोणत्या वेगाला किती अंश नाळ वर करून धावेल आणि तिला किती विरोध होईल, हे त्यातून काढता येते. आज साठ वर्षांनंतरही लहान बोटींचे आरेखक पहिला हिशेब याच पद्धतीने करतात. त्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. घसरत्या तळाला साधारण ४ ते ५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी विरोध होतो. नाळ त्याहून वर गेली की बोट पाणी ढकलत बसते. त्याहून खाली आली की तळाचा फार मोठा भाग ओला होऊन घर्षण वाढते. ट्रिम टॅबचे काम नाळ शक्य तेवढी खाली दाबणे हे नसून बोटीला या पट्ट्यात आणून ठेवणे हे आहे.

त्याच प्रयोगशाळेत जेरार्ड फ्रिड्स्मा यांनी १९६९ आणि १९७१ साली लाटांमधल्या धक्क्यांचा अभ्यास मांडला. नाळ जितकी वर, तितका लाटेचा तडाखा मोठा, हे त्यातून आकड्यांनी दिसले. १९७१ सालीच पी. वॉर्ड ब्राउन यांनी तळाच्या मागे झुकणाऱ्या पट्ट्या लावून प्रयोग केले आणि १९७६ साली साविट्स्की व ब्राउन यांनी ते निष्कर्ष वापरायला सोप्या सूत्रांत बसवले. मोठा पत्रा का घ्यावा, याचे उत्तर या सूत्रांत आहे, म्हणून ते इथेच उलगडतो.

पत्र्याने मिळणारी उचल चार गोष्टींनी ठरते : पत्र्याची रुंदी, त्याची लांबी, झुकवलेला कोन आणि वेगाचा वर्ग. पहिल्या तिन्हींच्या सरळ प्रमाणात उचल वाढते. रुंदी दीडपट केली तर तेवढ्याच कोनाला उचल दीडपट. पण पत्र्यामुळे होणारा विरोध वेगळ्या रीतीने वाढतो. तो उचलीच्या प्रमाणात असतोच, शिवाय बोटीचा स्वतःचा कोन आणि पत्र्याचा कोन यांच्या बेरजेच्याही प्रमाणात असतो. समजा, एक बोट ४ अंश नाळ वर करून धावते आहे आणि तिचे १२ इंच रुंद, ९ इंच लांब पत्रे ९ अंश झुकवावे लागतात. बेरीज १३. आता तिला १८ इंच रुंद, ९ इंचच लांब पत्रे लावले. तेवढीच उचल मिळवायला ६ अंश पुरतात. बेरीज १०. म्हणजे नाळ पूर्वीइतकीच खाली, पण पत्र्यांचा विरोध जवळपास पाव हिश्शाने कमी. शिवाय मोठ्या पत्र्याकडे अजून कितीतरी कोन शिल्लक आहे. जास्त माणसे चढली, टाकी भरली, वारा वाढला तर तो कामी येतो. लहान पत्रा अशा वेळी आधीच शेवटपर्यंत झुकलेला असतो आणि उचल देण्याऐवजी पाण्याला अडवणारी भिंत होऊन बसतो.

चौथी गोष्ट, वेगाचा वर्ग, हा हिशेब दोन्ही बाजूंनी फिरवते. २० नॉटला जो पत्रा पुरेसा असतो, तो १० नॉटला केवळ चौथाई जोर देतो. म्हणून जड, संथ बोटींना मोठे पत्रे लागतात, आणि अशा बोटींसाठी ९ इंचांऐवजी १२ इंच लांबीचे पत्रे मिळतात. उलट ४० नॉटला तोच पत्रा २० नॉटच्या चौपट जोर देतो. त्या वेगाला एका अंशाची चूकही बोटीला एका बाजूला फेकू शकते. म्हणून शर्यतीच्या बोटींवर रुंद पत्रे दिसत नाहीत. तिथे किकहेफर कंपनीच्या ‘के-प्लेन’सारखे अरुंद, मजबूत पत्रे बसवतात. मोठा पत्रा चांगला हे वाक्य वेगाचा आकडा जोडल्याशिवाय अपुरे आहे.

अमेरिकन कारखानदारांमध्ये चालत आलेला अंदाज असा, की बोटीच्या लांबीच्या प्रत्येक फुटामागे प्रत्येक बाजूला १ इंच रुंदीचा पत्रा असावा. २४ फुटी बोटीला प्रत्येक बाजूला २४ इंच. प्रत्यक्षात ट्रान्समवर तेवढी जागा क्वचित सापडते. मध्ये इंजिन असते, बाजूला शिडी, कुठे खोली मोजणाऱ्या यंत्राचा संवेदक, कुठे पाणी उपसण्याचे तोंड. शिवाय पत्रा तळाच्या बाहेरच्या कडेपासून तीन-चार इंच आत ठेवावा लागतो, आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे जाणाऱ्या पाण्यात खळबळ होऊ नये म्हणून इंजिनापासूनही अंतर राखावे लागते. मग रुंदी वाढवता येत नाही तिथे लांबी वाढवावी का? हलवायला दोन दांडे असलेला लांब पत्रा घ्यावा का? ट्रान्समच्या थराथरांत प्लायवूड असेल तर नवीन भोके पाडल्यावर आत पाणी मुरणार नाही याची काळजी कशी घ्यावी? आकाराचा प्रश्न असा लगेच जागेचा आणि बांधणीचा होतो.

आता या क्षेत्रातले मुख्य पंथ. सर्वांत जुना पंथ स्थिर पाचरीचा. तळाच्या मागच्या कडेला एक लहान पाचर कायमची बसवायची. खर्च नाही, बिघाड नाही, पण बदलही नाही. बोट रिकामी असो वा भरलेली, समुद्र समोरून असो वा मागून, कोन तोच. याच कल्पनेचे मोठे रूप लढाऊ जहाजांवर दिसते. अमेरिकन नौदलाने आपल्या अनेक जहाजांच्या मागे स्थिर पट्ट्या बसवल्या आणि इंधनाची बचत साधली. तिथे पट्टीचे काम मागे उठणारी लाट बदलणे हे जास्त आहे.

दुसरा पंथ तेलाच्या दाबाचा. फ्लोरिडातील बेनेट या कंपनीच्या नावाशी तो जोडला गेला आहे. आत एक छोटा पंप, त्यातून दोन नळ्या आणि प्रत्येक पत्र्यावर एक दांडा. हे पत्रे जरा सावकाश हलतात, आणि नवशिक्याच्या हाती तो सावकाशपणा उपकारक ठरतो. बिघाड झाला तर पंप आत, कोरड्या जागी असतो. तिसरा पंथ विजेच्या दांड्यांचा. लेन्को या नावाने तो ओळखला जातो. इथे तेल नाही, नळ्या नाहीत. मोटरने फिरणारा स्क्रू पत्रा ढकलतो आणि थांबवला तिथे घट्ट धरून ठेवतो. प्रतिसाद चपळ असतो, पण दांड्यात पाणी शिरले तर अख्खा दांडा बदलावा लागतो. या दोन पंथांचा वाद कोळ्यांच्या धक्क्यापासून श्रीमंतांच्या मरीनापर्यंत सगळीकडे ऐकू येतो, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या समुद्रात खरे असलेले अनुभव असतात.

चौथा पंथ गॅसच्या स्प्रिंगचा. लहान बोटींसाठी नॉटिकस कंपनीचे असे पत्रे मिळतात. त्यांना वीज लागत नाही. संथ वेगाला स्प्रिंग पत्रा खाली धरते. वेग वाढला की पाण्याचाच दाब पत्रा वर सारतो. गरज आहे तिथे मदत, गरज संपली की माघार. मात्र एका बाजूला कललेली बोट सरळ करणे या पत्र्यांना जमत नाही.

पाचवा पंथ सर्वांत नवा. त्याला इंटरसेप्टर म्हणतात आणि स्वीडनमधल्या हुम्फ्री आणि झिपवेक या कंपन्यांनी तो पुढे नेला. इथे मागे झुकणारा पत्रा नाहीच. ट्रान्समच्या काठावरून एक पाते काही मिलिमीटर सरळ खाली सरकते. वाहते पाणी त्याला अडखळते आणि पात्याच्या पुढे, बोटीच्या तळावरच दाब साठतो. उचल मिळते ती पात्याला नव्हे, तळाला. पाते हलके असते, क्षणात हलते, त्यामुळे संगणक आणि संवेदक जोडून बोटीचा कल सेकंदासेकंदाला सावरता येतो. पण संथ वेगाला ते दुबळे पडते, आणि आपल्याकडच्या कोमट खाऱ्या पाण्यात बोट उभी राहिली की त्याच्या फटीत शेवाळ आणि शिंपले वाढतात.

या सगळ्या पंथांना नाकारणारा एक मतप्रवाहही आहे आणि तो आदराने ऐकावा असाच आहे. त्याचे म्हणणे, की तळ नीट आरेखला आणि वजन नीट मांडले तर पत्र्यांची गरज उरत नाही. बॅटरी आणि इंधन पुढे सरकवा, मागची बर्फाची पेटी मध्यावर आणा, योग्य पंखा निवडा आणि ट्रान्समवर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा कोन बदलून काम भागवा. हे पुस्तक या मताशी बव्हंशी सहमत आहे. वजन हलवून जे सुटते, ते पत्र्याने सोडवू नये. पण इंजिनाचा कोन बदलणे आणि पत्रा झुकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. इंजिनाच्या कोनाने पंख्याच्या धक्क्याची दिशा बदलते. नाळ खाली ठेवण्यासाठी तो धक्का वाकडा केला, तर त्यातली काही ताकद पुढे नेण्याऐवजी मागचा भाग उचलण्यात जाते. शिवाय एकच इंजिन असेल तर कल त्याने सुटत नाही. पत्रे नाळ सांभाळू लागले की इंजिनाचा धक्का पाण्याच्या पातळीला समांतर ठेवता येतो, आणि मग प्रत्येक अवयव आपले काम करतो.

हा विषय आत्ताच का, असे विचारले जाईल. कारणे ठोस आहेत. अमेरिकेत १९९८ ते २००६ या काळात आउटबोर्ड इंजिनांच्या धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले, युरोपातही झाले, आणि हलकी दोन-स्ट्रोक इंजिने मागे पडली. त्यांच्या जागी आलेली चार-स्ट्रोक इंजिने कमी धूर सोडतात, कमी इंधन खातात, पण अनेकदा जास्त जड असतात. हजारो जुन्या बोटींच्या मागच्या फळीवर आरेखकाने कधी धरले नव्हते ते वजन लटकू लागले. त्यात माणसांनी वर छत चढवले, मागे मासळीच्या टाक्या वाढवल्या, बॅटऱ्या वाढवल्या. बोटीचा तळ तोच राहिला, तोल मात्र मागे सरकला. पूर्वी पुरेसे असलेले पत्रे त्यामुळे लहान पडले. विजेवर चालणाऱ्या बोटींमध्ये तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तिथे बॅटरीचे वजन मोठे आणि साठा मर्यादित, त्यामुळे उलाळ अवस्थेत घालवलेले प्रत्येक मिनिट पल्ल्यातून वजा होते.

हा विषय मूळचा फ्लोरिडाचा आणि न्यू जर्सीच्या टाकीचा असला, तरी आपल्या किनाऱ्यावर त्याला जागा आहे. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या स्पीडबोटीचे उदाहरण घेऊ. मार्ग साधारण दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकलेला. मोसमी पाऊस सरला की दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि बंदराच्या तोंडावर लहान, उभ्या लाटा उठतात. जाताना त्या मागून येतात, परतताना समोरून, जराशा डाव्या बाजूने. एकाच फेरीत एकाच बोटीला दोन उलट मांडण्या लागतात. परतताना नाळ जराशी खाली हवी, म्हणजे तळाची धारदार पुढची बाजू लाट कापेल आणि प्रवाशांना हादरे बसणार नाहीत. डीप-व्ही बोट वाऱ्याच्या बाजूला कलते, म्हणजे इथे डावीकडे. तेव्हा डावा पत्रा थोडा जास्त झुकवावा लागतो. पुष्कळ बोटींवर बटणे नाळेच्या हालचालीप्रमाणे मांडलेली असतात, त्यामुळे डावा पत्रा झुकवणारे बटण उजव्या बाजूला असते. हे माहीत नसलेला चालक घाईत उलटे बटण दाबतो आणि कल वाढवून बसतो.

आता त्याच बोटीचा जातानाचा प्रवास पाहा. समुद्र मागून आहे. या वेळी पत्रे पूर्ण वर घेतलेले असले पाहिजेत. मागून आलेली लाट मागचा भाग उचलते. पत्रेही तेच करत असतील तर नाळ पाण्यात रुतते, पुढचा भाग सुकाणू बनतो, आणि बोट एकदम आडवी फिरून लाटेच्या पोटात लोळू शकते. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीचे पाणी लाटेला भिडते तिथे हा धोका सर्वांत मोठा. फ्लोरिडाच्या अरुंद समुद्रतोंडांवर तो जितका खरा आहे, तितकाच कोकणच्या खाड्यांवर. मोठ्या पत्र्याने हा धोका वाढतो. म्हणून मोठे पत्रे बसवणाऱ्याने पत्र्यांची स्थिती दाखवणारा दर्शकही सुकाणूजवळ बसवला पाहिजे. पत्रे कुठे आहेत हे अंदाजाने चालवण्याची गोष्ट नव्हे. त्या बोटीत माणसे बसलेली असतात.

कोकणच्या सगळ्या बोटींना हे पत्रे लागत नाहीत, हेही इथेच सांगितले पाहिजे. मासेमारीचा लाकडी ट्रॉलर पाणी बाजूला सारत संथ चालतो. त्याला पाण्यावरून घसरायचेच नसते, आणि त्याच्या वेगाला पत्र्याचा फारसा उपयोग नाही. पण मालवण-तारकर्लीपासून गोव्यापर्यंत पर्यटकांना घेऊन धावणाऱ्या आउटबोर्डच्या फायबर बोटी, मांडव्याच्या स्पीडबोटी, किनारा सुरक्षेच्या वेगवान बोटी या सगळ्यांचा पिंड घसरत जाण्याचा आहे. त्यांचे चालक, म्हणजे तांडेल, अनुभवी असतात. त्यांना वारा कळतो, लाट कळते, खडक कळतो. पण त्यांच्या बोटीच्या मागे बसवलेल्या पत्र्याचे शास्त्र त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. यंत्रासोबत येणारी पुस्तिका परभाषेत असते आणि ती बहुधा बोटीच्या खणात बंदच राहते.

हे पुस्तक त्या उणिवेसाठी आहे. ते तीन वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे. पहिला, बोट चालवणारा. त्याला पत्रे कधी किती झुकवावे, बटण थोडे दाबून बोटीच्या प्रतिसादाची वाट कशी पाहावी, आधी नाळ आणि मग कल असा क्रम का धरावा, बोट उलटी मागे घेण्यापूर्वी पत्रे वर का घ्यावे, हे कळले पाहिजे. दुसरा, बोट दुरुस्त करणारा कारागीर. त्याला मापे, भोके, गंजापासून बचाव करणारे जस्त, तारा आणि दांड्यांची ताकद यांचा हिशेब हवा. तिसरा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याला साविट्स्की आणि ब्राउन यांची सूत्रे कुठून आली, कुठवर लागू पडतात आणि कुठे थांबतात हे समजून घ्यायचे आहे. तिघांच्या गरजा वेगळ्या, पण बोट एकच असते. म्हणून पुस्तकात गणित आणि हातकाम एकमेकांपासून तोडलेले नाही. प्रत्येक सूत्राचे उत्तर पाण्यावर कसे तपासावे हे त्याच्याच शेजारी सांगितले आहे.

पुस्तक काय करत नाही, हेही नोंदवतो. कोणत्या कंपनीचे पत्रे घ्यावेत, याची शिफारस त्यात नाही. कुठल्याही पंथाची तरफदारी नाही. चुकीच्या तळाला पत्रा सुधारू शकतो, असे आश्वासन तर मुळीच नाही. पहिला भर मोजण्यावर आहे. बोट किती भरलेली असते, वजन कुठे असते, कोणत्या वेगाला ती घसरू लागते, नाळ किती अंश वर असते, एका तासात किती इंधन जाते. हे आकडे वहीत लिहून ठेवायला फार साधने लागत नाहीत. एक स्वस्त कोनमापक, मोबाइलमधला वेगदर्शक आणि शांत सकाळ एवढे पुरते. वजन हलवून जे सुधारते ते आधी सुधारावे. त्यानंतर उरलेला प्रश्न पत्र्याचा असतो, आणि मग तो पुरेसा मोठा घ्यावा.

‘पुरेसा मोठा’ किती, हे दुकानातल्या तक्त्याने सुचवावे, पण ठरवावे ते त्या बोटीच्या वजनाने, तिच्या नेहमीच्या वेगाने आणि ती रोज ज्या पाण्यात जाते त्या पाण्याने. हा निर्णय स्वतः घेता येईल इतके ज्ञान प्रत्येक तांडेलाचा हक्क आहे. त्यातून वाचणारे इंधन त्याच्या खिशातले आहे, कमी होणारे हादरे त्याच्या मणक्याला बसणारे आहेत, आणि नाळेपलीकडे दिसणारे पाणी त्याच्या प्रवाशांच्या जिवाचे आहे. वाचकांनी हे पुस्तक कपाटात न ठेवता बोटीच्या खणात ठेवावे, त्याच्या समासात आपल्या बोटीचे आकडे लिहावेत, आणि जिथे आपले पाणी पुस्तकाशी जुळत नाही तिथे पाण्यावर विश्वास ठेवावा.